सुट्टीतली सायकल : कृष्णेच्या काठाने वरच्या अंगाला

गेल्या पालकदिनी एका कॅडेटचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, दिवाळीच्या सुट्टीत हा सायकलवर डोंगरात जायचं म्हणतोय. आम्ही हायवेला सोडत नाही, तर म्हणतो आडरस्त्याने जातो. आडरस्ता म्हणजे सुरक्षित, असं धरायचं का?"

मी लगेच हो म्हणालो नाही. मुलगा शेजारीच उभा होता आणि त्याची अपेक्षा वेगळी होती, तरीही. प्रश्न योग्य होता आणि उत्तर दोन वाक्यांत मावणारे नव्हते, म्हणून मराठी पानासाठी लिहून देतो असे कबूल केले.

मी वाईचा. इथे गणित शिकवायला आल्यापासून वर्षातून दोनदाच घरी जाणे होते, आणि गेलो की दुसऱ्या दिवशी सायकल काढतो. अकरा वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आईला "पाचगणीला जाऊन येतो" असे सांगून सकाळी सहाला निघालो. पसरणी घाटाच्या पायथ्याशी पाहिले तर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागलेली. कंटाळून मागे वळलो आणि गावातून मेणवलीचा रस्ता धरला, धोम धरणाच्या पुढे गेलो. रस्ता इतका मोकळा की अर्ध्या तासात दोन माणसे भेटली. परत येताना एका उतारावर, वळणावर बारीक खडी पसरली होती. पुढचा ब्रेक दाबला, चाक सरकले आणि मी उजव्या खांद्यावर आपटलो. गळ्याजवळचे हाड मोडले होते. फोनला रेंज नव्हती. कॅन लावलेल्या मोटारसायकलवरून एक दूधवाले आले, तोवर पाऊण तास झाला होता. "मास्तर, इथं आता या वेळेला कोण येतंय?" असे म्हणून त्यांनी मला मागे बसवले.

त्याच वेळी माझा भाऊ पसरणी घाटात प्रत्येक वळणावर मोटारसायकल थांबवून कठड्याखाली डोकावत होता. साडेदहापर्यंत येतो असे मी सांगितले होते आणि बारा वाजून गेले होते. तो शोधत होता ते अगदी बरोबर, फक्त डोंगर चुकीचा होता.

तेव्हा त्या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर असे. मोठ्या रस्त्यावर धोका दुसऱ्यांकडून येतो. आडरस्त्यावर तो बराच कमी असतो, पण जे काही होईल त्यातून तुम्हाला बाहेर काढायलाही कोणी नसते. शांत रस्ता हवा असेल तर ही दुसरी बाजू आधी भरून काढावी लागते, आणि ती भरून काढता येते. कशी, ते मी मला माहीत असलेल्या खोऱ्यावरूनच सांगतो.

आधी रस्ता शांत का असतो ते पाहू. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे. गावातून पश्चिमेकडे दोन रस्ते जातात असे समजा. पहिला पसरणी घाटाने पाचगणीला चढतो आणि पुढे महाबळेश्वरला जातो. शाहीर साबळ्यांचे पसरणी गाव याच घाटाच्या पायथ्याशी. हा रस्ता एका ठिकाणाला दुसऱ्या ठिकाणाशी जोडतो, म्हणून त्यावर एसटी, ट्रॅक्स, टेम्पो, पर्यटक असे सगळे असते. दुसरा रस्ता कृष्णेच्या काठाने वर जातो : मेणवली, धोम, धरणाचा जलाशय, बलकवडी धरण, आणि शेवटी जोर. जोरच्या पुढे महाबळेश्वरच्या पठाराची भिंत उभी आहे. पायवाटेने माणूस चढतो, गाडी चढत नाही. म्हणजे या रस्त्यावर फक्त त्या गावांत ज्याचे काम आहे तोच येतो.

तुमचे घर वाईला असो, बेळगावला, इंदूरला नाही तर बडोद्याला, नकाशावर असा रस्ता शोधायची खूण हीच : जो दरीच्या तोंडातून आत शिरतो आणि टोकाला संपतो. दुसरी खूण म्हणजे नवा रस्ता झाल्यावर बाजूला पडलेला जुना रस्ता. जुना रस्ता गावातून जातो. देऊळ, विहीर, वाडा त्याच्याच कडेला असतात. नवा रस्ता गावाला वळसा घालतो. ऐतिहासिक गावे पाहायची असतील तर पहिली पसंती जुन्या रस्त्याला.

आता अंतराचा प्रश्न. मुले मला सांगतात, "सर, फक्त पंचवीस किलोमीटर आहे." डोंगरात किलोमीटरला फारसा अर्थ नसतो. एनसीसीच्या नकाशावाचनात तुम्ही कंटूर शिकता आणि परीक्षा झाली की विसरता. त्या कंटूर इथे उपयोगी पडतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि लगतच्या दोन समोच्चरेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक. रस्त्यावर दोन सेंटीमीटर मोजा आणि तेवढ्यात तो किती रेषा ओलांडतो ते पाहा. दोन ओलांडल्या तर ४० मीटर चढ, म्हणजे ४ टक्के. गप्पा मारत जाल. चार ओलांडल्या तर ८ टक्के. गप्पा बंद होतील. पाच किंवा जास्त असतील तर साध्या सायकलवर उतरून चालायची तयारी ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. दर पाचवी रेषा जाड असते, म्हणजे दोन जाड रेषांमध्ये १०० मीटर. घाईत तेवढ्या मोजल्या तरी अंदाज येतो. एक चूक मात्र सगळे करतात. निघण्याची आणि पोचण्याची उंची वजा करून "चढ शंभर मीटरच आहे" म्हणतात. जलाशयाच्या कडेचा रस्ता प्रत्येक ओढ्यापाशी खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. ओलांडलेली प्रत्येक चढती रेषा मोजायला हवी, नाहीतर शंभरचे तीनशे कधी झाले ते पायांनाच कळते.

चढ कळला की वेळ काढता येते. माझा हिशेब असा : सपाटीला ताशी १५ किलोमीटर धरायचे आणि दर १०० मीटर चढाला ७ मिनिटे वाढवायची. पसरणी घाटाचे उदाहरण घ्या. वाई ते पाचगणी साधारण १२ किलोमीटर, चढ सुमारे ६०० मीटर. अंतराची ४८ मिनिटे, चढाची ४२, मिळून दीड तास. हा हिशेब मध्यम ताकदीच्या मुलासाठी आहे. तुम्ही पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत घड्याळ लावा आणि ७ च्या जागी स्वतःचा आकडा घाला.

शरीराचा हिशेबही याच ६०० मीटरवर होतो. मुलगा ६० किलोचा, सायकल १२ किलोची. एवढे वजन तेवढे उचलायला ७२ × ९.८ × ६०० म्हणजे सव्वाचार लाख ज्यूलच्या आसपास काम लागते. आपले शरीर खाल्लेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोचवते. म्हणजे नुसत्या चढासाठी सुमारे ४०० किलोकॅलरी, घरच्या दोन-अडीच भाकऱ्या. आयांनी हे लक्षात ठेवावे, कारण "चहा-बिस्किटावर जातो" असे म्हणून मुले निघतात आणि दहाव्या किलोमीटरला डोळ्यांसमोर अंधारी येते. शेंगदाण्याचा लाडू, गूळ, केळी बरोबर द्या. पाणी माणशी दोन लिटर.

आता प्रत्यक्ष वाटेने जाऊ. वाईत गणपती घाटावर, ढोल्या गणपतीच्या देवळासमोर सकाळी सहाला जमावे. मेणवली तिथून तीनच किलोमीटर, सपाट रस्ता, पाय मोकळे व्हायला पुरेसा. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि त्याच्या मागे कृष्णेवर दगडी घाट. बरेच जण 'स्वदेस' चित्रपटातला घाट म्हणून फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही मात्र मेणवलेश्वराच्या देवळाजवळ टांगलेल्या घंटेसमोर थांबा. घंटा ओतीव, परदेशी घडणीची, तिच्यावर बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आणि १७०७ हे साल. कृष्णेकाठच्या महादेवाच्या देवळात ही आली कशी? १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतला. त्या विजयानंतर वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या; त्यांतली ही एक. वसईचा वेढा तुम्ही इतिहासात वाचता. त्या लढाईतली एक वस्तू हाताच्या अंतरावर आहे, आणि आसपास कोणी तिकीटही मागत नाही. वाडा मात्र खाजगी मालमत्ता आहे. आत जायचे तर विचारून, आणि सायकली दारात आडव्या टाकायच्या नाहीत. घाटावर बायका धुणे धूत असतात. कॅमेरा खिशात ठेवावा.

पुढे पाच-सहा किलोमीटरवर धोम. गाव धरणाच्या भिंतीच्या अलीकडे आहे. इथल्या महादेवाच्या देवळासमोरचा नंदी मी लहानपणापासून पाहतो आहे तरी प्रत्येक वेळी थांबतोच. दगडी कमळाच्या आकाराचे पाण्याचे कुंड, कुंडात दगडी कासव, आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी भरले की कासव नंदीला घेऊन पोहत असल्यासारखे दिसते. शेजारीच नरसिंहाचे देऊळ. नवख्या मुलांनी पहिल्या दिवशी इथूनच परत फिरावे असे माझे मत आहे. जाऊन-येऊन १८ किलोमीटरच्या आसपास होतात, दोन गावे नीट पाहून होतात आणि नऊच्या आत घरी.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी खरे खोरे धरणाच्या पुढे सुरू होते. रस्ता जलाशयाला धरून पश्चिमेकडे जातो. पाण्यापलीकडे कमळगड, अलीकडच्या रांगेत केंजळगड. दोन्हींचे माथे कातळाच्या टोप्या घातल्यासारखे दिसतात. चढ लांब नाहीत, पण एकामागून एक येतात. दुकाने विरळ होत जातात, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या धोमलाच भरून घ्याव्यात. पुढच्या वाड्यांत कोणत्याही घरी पाणी मागितले तर मिळते, आणि पाण्याबरोबर "कुठलं गाव म्हणायचं?" हा प्रश्नही. त्याचे उत्तर नीट द्या, कोणत्या घरचे, कुठे निघालात, सगळे सांगा. ती विचारपूस म्हणजे तुमची चौकीवर झालेली नोंद समजा. परतायला उशीर झाला तर त्या घरातले कोणीतरी सांगू शकते की पोरे सकाळी वर गेली होती.

ऋतूबद्दल थोडे. पावसाळ्यात या खोऱ्याच्या वरच्या भागात जाऊ नका. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जोर त्याच्या थेट खाली आहे. वाईत ऊन असते तेव्हा वर ओढे रस्त्यावरून वाहत असतात. मे महिन्यात उन्हाचा त्रास. दिवाळीची सुट्टी सगळ्यांत चांगली, फक्त तेव्हा ऊसतोड सुरू होत असते. भुईंजच्या साखर कारखान्याकडे जाणारे, दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर वाईच्या खालच्या अंगाला भेटतात. दुसरा ट्रेलर वळणावर आत कापतो. त्याच्या बाजूने पुढे काढायचा प्रयत्न कधीही करू नये, थांबून जाऊ द्यावे. रंगपंचमीला बावधनचे बगाड असते, त्या दिवशी वाईच्या आसपास सायकल घरीच ठेवावी आणि बगाड पाहावे.

उताराबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण माणसे चढताना दमतात आणि उतरताना पडतात. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. ताशी ४० किलोमीटरला तुम्ही सेकंदाला ११ मीटर जाता, म्हणजे खडी दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच ११ मीटर गेलेले असतात. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावायचा आणि वळणात चाके मोकळी फिरू द्यायची. पुढचा ब्रेक जास्त ताकदीचा असतो, कारण थांबताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो. कोरड्या, सरळ डांबरावर तोच तुम्हाला वाचवतो. खडीवर, शेणावर, ओल्या पानांवर किंवा वळणात हँडल वळलेले असताना तोच पाडतो. माझे नेमके हेच झाले. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, रबर आणि रिम तापतात. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. एकेरी रस्त्याच्या आंधळ्या वळणावर घंटी वाजवा आणि आपल्या डाव्या बाजूलाच राहा, रस्ता कितीही रिकामा असला तरी. दिवसातून चारच गाड्या येणाऱ्या रस्त्यावरचा ड्रायव्हरही रस्ता रिकामाच आहे असे समजून येत असतो.

सामान थोडेच लागते. एक जादा ट्यूब, पंप, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंक्चरचे पॅच आणि सोल्यूशन, सायकलला लागणारे पाने. हे नुसते बरोबर असून चालत नाही. मागचे चाक काढून ट्यूब बदलणे घरच्या अंगणात एकदा तरी स्वतः केलेले असावे. हेल्मेट हवेच. प्रथमोपचाराची पिशवी आणि एक त्रिकोणी पट्टी. माझा हात दूधवाल्यांच्या टॉवेलमध्ये बांधला होता, तोही चालला. एकट्याने जाऊ नये. तिघे उत्तम : एक पडला तर एक त्याच्याजवळ राहतो आणि एक मदतीला जातो.

आता पालकांसाठीचा भाग. मुलाला जाऊ द्यायचे की नाही हे त्याच्या वयावरून ठरवू नका, त्याच्याकडून कागद मागा. एनसीसीत रूट कार्ड करतात तेच. टप्प्याटप्प्याने कुठून कुठे, किती किलोमीटर, किती चढ, किती वाजता पोचणार. बरोबर कोण, त्यांच्या घरचे फोन. शेवटी दोन वेळा लिहिलेल्या हव्यात. पहिली, कुठेही असलो तरी परत फिरण्याची. जोर दोन किलोमीटरवर राहिले असले तरी घड्याळात ती वेळ झाली की वळायचे. दुसरी, या वेळेपर्यंत आलो नाही तर शोधायला निघा, अशी. आणि बेत बदलला तर रेंज आहे तोवर फोन, नाहीतर ठरलेल्याच रस्त्याने जायचे. हा कागद मुलाने स्वतः, नकाशा समोर घेऊन लिहिलेला असेल तर तुम्हाला दोन मिनिटांत कळेल की त्याने चढ मोजले आहेत की मित्राचे ऐकून आकडे टाकले आहेत. मी वर्गात असे कागद तपासून द्यायला तयार आहे. सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळी या.

सातारच्या मुलांसाठी आणखी एक गाव सुचवतो. रस्ता तितका शांत नाही आणि महामार्ग ओलांडावा लागतो, म्हणून मोठ्या मुलांनीच, घरच्या कोणाबरोबर जावे. साताऱ्यापासून साधारण २० किलोमीटरवर अपशिंगे आहे. त्याला सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या घराघरांतून माणूस सैन्यात जातो. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण कामी आले. त्यांचे स्मारक गावात आहे. वाडे, घाट, घंटा तिथे नाहीत. इतर कोणत्याही गावासारखे गाव. मी गेलो तेव्हा स्मारकापाशी सायकल टेकवून पाणी पीत होतो, तर काठी टेकत आलेल्या एका आजोबांनी कुठून आलास म्हणून विचारले. मिलिटरी शाळेत शिकवतो म्हटल्यावर त्यांनी मला आधी पायांतल्या चपला कडेला काढायला लावल्या आणि मग चहाला घरी नेले.

हाड जुळायला दीड महिना लागला. त्यानंतर मी घरून निघताना कागद लिहितो आणि आई तो कालनिर्णयाच्या मागे खोचून ठेवते. गेल्या दिवाळीत जोरच्या अलीकडे मित्राची ट्यूब दोनदा गेली. शोधायला निघण्याची म्हणून जी वेळ मी लिहिली होती, तिच्यापेक्षा वीस मिनिटे उशिरा आम्ही मेणवलीत शिरलो. समोरून भाऊ मोटारसायकलवर येत होता, मागच्या सीटला पाण्याचा कॅन बांधलेला, आणि शर्टाच्या खिशात घडी घातलेला तो कागद.